डब्याचं बटण दाबण्याआधी

छोटे प्लास्टिकचे शिपाई रंगवण्याआधी, वरचा रंग धरावा म्हणून, त्यांना प्राइमरचा म्हणजे अस्तराचा थर द्यायचा असतो. तो स्प्रेच्या डब्याने देताना सुरुवात आभाळाकडे बघून करायची. मी ठाण्यात राहतो. इथे जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं, मग स्प्रे प्राइमरची काय कथा. मोबाइलवर हवामान बघताना आपण पाऊस आहे की नाही एवढंच बघतो. त्याच्या खाली आर्द्रतेचा आकडा असतो, तो बघा. 60 च्या आत असेल तर उत्तम. 70 च्या वर असेल तर आज नुसतं धुणं-घासणं करायचं, फवारा नाही. उघडीप पडली म्हणजे हवा कोरडी झाली असं होत नाही. जुलैतल्या अशाच एका उघडिपीला मी 28 मिलिमीटरचे 12 शिपाई एसीच्या खोलीतून थेट गच्चीवर नेले, काळ्या प्राइमरचा हात मारला आणि तासाभराने बघतो तर सगळ्यांच्या खांद्यांवर लोणच्याला धरते तशी पांढुरकी बुरशी.

बुरशी अर्थातच नव्हती. इंजेक्शनआधी दंडाला स्पिरिट चोळलं की गार लागतं ना, तसंच रंग पातळ ठेवणारं सॉल्व्हंट उडताना वस्तू थंड पडते आणि हवेतली वाफ तिच्यावर दव होऊन बसते. ओल्या रंगात ते पाणी शिरलं की रंग दुधाळतो. माझं अर्धं काम तर एसीनेच करून ठेवलं होतं. जुलैत आमच्याकडचा दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, 25 अंशांच्या आसपास असतो आणि खोली होती 23 वर. एसी गाडीतून उतरल्यावर चष्म्याच्या काचा धुरकटतात, तेच शिपायांचं झालं. तेव्हापासून शिपाई आणि डबा दोन्ही अर्धा तास आधी बाहेर सावलीत नेऊन ठेवतो.

कोरड्या हवेचाही अतिरेक नको. एप्रिल-मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे भर दुपारी फवारलंत तर रंगाचा थेंब शिपायापर्यंत पोचायच्या आधी हवेतच सुकेल आणि वर पीठ भुरभुरल्यासारखा बसेल. तिथे सकाळी ऊन चढायच्या आत उरकायचं. दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ आपल्याकडे सगळ्यात सोयीचा, दव उडून गेल्यावर, म्हणजे साधारण दहाच्या पुढे. वारा असेल तर मात्र बेत रद्द. वाऱ्याने रंग तर सुकतोच, शिवाय शेजारच्या दोरीवरच्या चादरीवर जाऊन बसतो आणि त्यानंतर सोसायटीच्या ग्रुपवर काय येतं ते मी इथे सांगत नाही.

आता शिपाई कसला आहे ते ओळखा. सगळंच ‘प्लास्टिक’ म्हणून एका सुपात घालणं ही यातली सगळ्यात महागात पडणारी चूक. सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्यातून कापून, डिंक लावून जोडायचा, टेबलावर पडला की टक् वाजणारा कडक शिपाई पॉलिस्टायरिनचा. याच्यावर प्राइमर छान धरतो, फक्त थिनर आणि ॲसिटोन यांच्यापासून त्याला दूर ठेवायचं. त्यात तो विरघळतो. बोर्ड गेमच्या खोक्यातून तयार जोडलेले येतात, ज्यांचे भाले वाकवले तर वाकतात, ते बहुधा पीव्हीसीचे. आणि जुने 1/72 मापाचे, म्हणजे खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढे, मेणचट, मऊ सैनिक असतील तर ते पॉलिथिलीन. खात्री करायची तर पाण्याच्या वाटीत टाका. हवेचा बुडबुडा न अडकता जो तरंगतो तो पॉलिथिलीनचा, पॉलिस्टायरिन आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात.

हे एवढं का बघायचं? पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेला असतो. काही स्प्रेंमधलं सॉल्व्हंट तो वर ओढून आणतं आणि प्राइमर कधी सुकतच नाही. माझे चार राक्षस तीन महिने माशीच्या कागदासारखे चिकट राहिले. मांजराचे केस, उदबत्तीची राख, जे जवळून गेलं ते चिकटलं. उन्हात ठेवून काही फरक पडत नाही, मी ठेवून पाहिलं. पीव्हीसीला पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक प्राइमर ब्रशने किंवा एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग उडवणाऱ्या पेनने) लावावा, स्प्रेच्या नादी लागू नये असं माझं मत झालंय. मारायचाच असेल तर आधी एकाच्या तळव्यावर मारा आणि दोन दिवस थांबा. पॉलिथिलीनचं दुखणं उलटं. त्याला रंग धरतच नाही. भाला वाकवला की पापुद्रा निघून येतो. गाड्यांचे बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात, म्हणजे याचंच चुलत भावंड, त्यामुळे गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानात ‘प्लास्टिक प्रायमर’ म्हणून जो पारदर्शक डबा मिळतो त्याचा पातळ हात आधी द्यायचा आणि मग नेहमीचा प्राइमर. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे बरे, ते रंग पिऊन टाकतात, त्यांना यातले कुठलेच लाड लागत नाहीत.

आदल्या रात्री आंघोळ. साच्यातून माल सुटावा म्हणून तेलकट लेप वापरलेला असू शकतो, त्यात आपल्या बोटांचं तेल, आणि समोर फरसाणाची वाटी असेल तर तेही. तेलावर प्राइमर फाटतो, त्यात माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात, नाहीतर चार दिवसांनी नखाने सोलून निघतो. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड दोन थेंब आणि मऊ टूथब्रश एवढं पुरतं. कढत पाणी नको, पीव्हीसीचे हातपाय लुळे पडतात. वाकडा भाला सरळ करायचा असेल तेव्हा मात्र त्याचाच उपयोग होतो. तेवढाच भाग गरम पाण्यात धरून सरळ करायचा आणि लगेच गार पाण्यात बुडवायचा. धुण्याआधी साच्याच्या रेघा ब्लेडच्या पाठीने खरवडून घ्या. त्या आत्ता दिसत नाहीत आणि प्राइमर बसला की नेमक्या नाकावरून गेलेल्या दिसतात. धुतल्यावर रात्रभर पंख्याखाली. काखेत, ढालीच्या मागे, केसांच्या वळ्यांत पाणी दडून बसतं.

वाळले की प्रत्येकाला औषधाच्या बाटलीच्या झाकणावर डबलटेपने चिकटवा, किंवा आईस्क्रीमच्या काडीवर दोन-दोन, मध्ये दोन बोटांचं अंतर सोडून. दाटीवाटीने लावले की एकाची सावली दुसऱ्यावर पडते आणि मागच्याच्या मांडीवर कोरं प्लास्टिक राहून जातं. यापुढे शिपायाला बोट लावायचं नाही.

जागा उघडी हवी, गच्ची किंवा मोठी गॅलरी. डब्यातला वायू आणि सॉल्व्हंट दोन्ही पेट घेणारे आहेत. स्वयंपाकघराला लागून गॅलरी असेल तर गॅस बंद, देवघरातली समई शांत झाल्यावरच सुरुवात. मुलांना लांब ठेवा. मास्क रंगाच्या वाफेसाठीचा, म्हणजे कोळशाच्या डब्या लावलेला. कोविडपासून घरात पडलेला एन-95 रंगाचे कण अडवतो, वाफ अडवत नाही. एक मोठं खोकं आडवं करून ठेवा, त्यात फवारा.

आता डबा. कमीत कमी दोन मिनिटं हलवायचा, घड्याळ लावून. आतली गोळी खुळखुळायला लागली की आपल्याला वाटतं झालं, पण तळाशी बसलेलं पिगमेंट तेव्हा कुठे सुटायला लागलेलं असतं. कमी हलवलात तर आधी पाणीदार, चकचकीत रंग येतो आणि शेवटी नोझल तुंबते. हिवाळ्यात नाशिक-निफाडकडे सकाळी डबा गारठतो, आतला दाब उतरतो आणि तो थुंकायला लागतो. बादलीभर कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं उभा ठेवा. गॅसवर, हीटरसमोर, बंद गाडीत कधीही नाही. 50 अंशांची मर्यादा डब्यावरच छापलेली असते. परदेशातून येणाऱ्या मावसभावाला ‘तिकडचा एक डबा आण’ असं सांगायचा मोह झाला तर आवरा. रंगाचे एरोसोल विमानात चेक-इन सामानातही चालत नाहीत.

पहिला फवारा शिपायावर मारायचा नसतो. चौकटीचा उरलेला तुकडा त्यासाठीच जपून ठेवा. पूर्वी मी आईस्क्रीमचे प्लास्टिकचे चमचे वापरायचो, 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली आणि तो पुरवठा आटला. तुकडा गुळगुळीत दिसला, नखाने निघाला नाही, तर पुढे जा.

स्प्रे रंगाचा डबा 1949 साली अमेरिकेत एडवर्ड सीमोरने आणला तो रेडिएटरचा ॲल्युमिनियम रंग दाखवण्यासाठी. म्हणजे ही वस्तू मुळात मोठ्या सामानासाठी जन्मली आणि आपण तिच्याकडून इंचभर माणसाच्या पापण्या जपायची अपेक्षा करतो. म्हणून अंतर एक वीत ते सव्वा वीत, साधारण 20 ते 30 सेंटिमीटर. बटण शिपायाच्या अलीकडे, मोकळ्या हवेत दाबायचं, हात त्याच्यावरून सरकवायचा आणि पलीकडे गेल्यावर सोडायचं. शिपायासमोर बटण दाबलंत तर पहिला जाड थेंब थेट तोंडावर. पहिल्या हातात खालचं प्लास्टिक दिसत राहिलं पाहिजे. ते बघून हात शिवशिवतो, ‘अजून एक फटका’ वाटतं. तिथेच चिलखताच्या कड्या बुजतात. दहा-पंधरा मिनिटं थांबा, काडी फिरवा, दुसऱ्या बाजूने, मग एकदा खालून वर. दुसऱ्या हाताची वेळ डब्यावर वाचून घ्या. इनॅमल जातीच्या बऱ्याच डब्यांवर ‘एका तासाच्या आत किंवा मग 24 तासांनंतर’ अशा अर्थाचं लिहिलेलं असतं. मधल्या वेळात मारलात तर खालचा अर्धवट सुकलेला थर फुगून सायीसारखा सुरकुततो.

एवढं करूनही बिघडलंच तर लगेच पुसायला जाऊ नका. ओला रंग पुसला की तो खोबणीत जातो. सुकू द्या, मग बोट फिरवून बघा. पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं तर तो लांबून किंवा उन्हात मारल्याने हवेत सुकलेला रंग आहे. कोरड्या टूथब्रशने घासला की पीठ बरंचसं झडतं. सपाट ढालीवर 1000 नंबरचा पेपर हलकासा, मग जवळून पातळ हात. दुधाळ झाक असेल आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर ते दमट हवेचं काम. कोरड्या दिवशी पुन्हा पातळ हात दिला की बहुतेक वेळा झाकलं जातं, कारण वर रंग चढायचाच आहे. ओघळ आला आणि चेहरा बुजला, गोल भोकं पडली किंवा सुरकुत्या आल्या तर दुरुस्ती नाही, उतरवायचं. पीव्हीसीचा चिकटपणा मात्र उतरवायच्या आधी ब्रशने ॲक्रिलिक मॅट वार्निशचा हात देऊन बघा, माझे चारपैकी तीन राक्षस त्यावर भागले.

उतरवायला पॉलिस्टायरिनच्या शिपायांसाठी आपल्या घरातलं तपकिरी डेटॉल चालतं, पाणी न घालता. झाकणाच्या काचेच्या बरणीत रात्रभर बुडवून ठेवा, रबरी हातमोजे घालून टूथब्रशने घासा. खरी गोम पुढे आहे. लगेच नळाखाली धरायचं नाही. डेटॉलमध्ये सुटलेल्या रंगाला पाणी लागलं की त्याचा डांबरासारखा चिकट लगदा होतो आणि तो ब्रश, बेसिन, बोटं काही सोडत नाही. आधी ताज्या डेटॉलमध्ये खळबळून रंग पूर्ण काढायचा, मग भांड्यांचं लिक्विड चोळायचं आणि शेवटी पाणी. घरभर दवाखान्याचा वास सुटतो आणि समोरच्या काकू ‘कोणाला बरं नाही का?’ म्हणून दार वाजवतात. वासाचा त्रास नको असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही खिडक्या उघड्या ठेवून. हार्डवेअरच्या दुकानातला थिनर रंग काढेल आणि सोबत शिपाईही.

काम झालं की डबा उलटा धरून खोक्यात दोन-तीनदा फुस्स करा, नुसता वायू यायला लागेपर्यंत. नोझल साफ होते. मग तळाशी मार्करने तारीख आणि ‘पीव्हीसी नको’ असं लिहून टाका, आणि शिपाई दुसऱ्या दिवसापर्यंत टोपलीखाली झाकून ठेवा. आमच्याकडे मांजर अजून आहे.