गुलमर्गला निघताय? हवामानाचा अंदाज कुठल्या उंचीचा, ते आधी बघा

तारीख सरकवता येईल असंच बुकिंग घ्या. चिल्ले कलां, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, म्हणून बर्फ असणारच असं धरून चालू नका. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग ऐन थंडीत कोरडं पडलं होतं. 2025 चे खेलो इंडियाचे गुलमर्गमधले हिवाळी खेळही पुरेसा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीचे मार्चवर गेले.

थर्मल, हातमोजे, गॉगल, सनस्क्रीन. पुढे.

आठवडाभर आधीपासून पश्चिमी झंझावातावर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या वादळी पट्ट्यावर नजर ठेवा, इथला बर्फ त्याच्याच जिवावर. पाच दिवसांपलीकडचे सेंटिमीटरचे आकडे मनावर घेऊ नका. झंझावात येतोय की नाही, एवढंच बघा.

आता उंची. श्रीनगर साधारण 1,600 मीटरवर, गुलमर्ग 2,650 च्या आसपास आणि गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट शिखरावर थेट 3,900 च्या वर. फोनवर दिसणारं सूर्याचं चित्र यातल्या कुठल्या उंचीचं आहे? मागच्या खेपेला मी हे बघितलंच नाही. श्रीनगरचं निरभ्र आकाश बघून खुशाल निघालो, आणि वर वाऱ्यामुळे दुसरा टप्पा बंद. म्हणून अंदाज उघडला की आधी मीटरचा आकडा शोधा. आकडा नसेल तर तो अंदाज सोडून द्या, कितीही देखणा असो. हजार मीटरला ढोबळमानाने साडेसहा अंश उतरतात, म्हणजे गुलमर्गला शून्य असेल तेव्हा अफरवटवर उणे आठ धरा, वारा वेगळा. वाऱ्याचा आकडाही शिखराचाच हवा, हॉटेलच्या अंगणातला नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर हिमरेषा, म्हणजे पावसाऐवजी बर्फ पडायला लागतो ती उंची, कुठे आहे तेही बघा. खाली पावसाची रिपरिप आणि वर भुसभुशीत बर्फ, असं एकाच दुपारी होतं. पुन्हा सांगतो: उंची बघा.

ताजा बर्फ पडून ऊन आलं की सगळे वर धावतात. नेमका तोच काळ हिमस्खलनाचा. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा वाचा. गोंडोलाच्या उतारांवर गस्तीची माणसं असतात, त्यापलीकडे नसतात. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथेच एका रशियन स्कीअरचा जीव गेला. गाइड नको म्हणाला तर हुज्जत घालू नका.

सिम पोस्टपेड हवं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, मग अंदाज बघणार कशावर? फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बसते.

आदल्या रात्री अंदाज परत बघा, 3,900 चाच. गुलमर्गच्या वाटेवर टंगमर्गच्या पुढे बर्फ असेल तर चाकांना साखळी लावलेली गाडी घ्या. सकाळी गोंडोला चालू आहे का ते विचारा, मगच बूट चढवा.