विश्वासाने दिलेले नंबर फोनमध्येच कसे ठेवायचे

"मावशी, ही 'सुमन, नवऱ्याला कळू नये' कोण गं?"

भाच्याने हे विचारलं तेव्हा तो देवासला होता आणि मी इंदूरला, रामबागेतल्या माझ्या घरी. माझा जुना फोन मी त्याला दिला होता. सिम काढलं, फोटो पुसले, पण त्यातलं गुगलचं खातं काढायचं राहून गेलं. मग मी नव्या फोनवर जो नंबर जपून ठेवत होते, तो त्याच्याही फोनवर उमटत होता. सुमनचा नंबर (नाव बदललंय) आदल्या दिवशीच घेतला होता. भाचा गुणी आहे, त्याच्या मनात काही नव्हतं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तोच फोन सुमनच्या सासरच्या कुणाच्या हाती असता तर?

गेली बावीस वर्षं मी घरच्या जाचातून बाहेर पडू बघणाऱ्या बायकांसोबत जाते. कधी पोलीस ठाण्यात, कधी वकिलाकडे, कधी नुसती माहेरच्या बसपर्यंत. माझ्या फोनमध्ये चारशेएक नंबर आहेत. त्यातले साठेक असे, की ते माझ्याकडे आहेत हे कुणाला कळलं तरी एखादीच्या जिवावर बेतेल. ते मला त्यांनी दिले, इंटरनेटवरच्या कुठल्याही खात्याला दिले नाहीत. म्हणून मी हे सगळं नीट शिकून घेतलं. तुमच्याकडे पेशंटचे, अशिलांचे, विद्यार्थिनींचे नाहीतर स्थळांचे नंबर असतील, तर तुम्हालाही हे लागेल.

आधी एक समजून घ्या. फोनमधली नावं एका वहीत नसतात. गुगल खात्याची एक वही, फोनची स्वतःची एक, सिमची एक, आणि सॅमसंगचा फोन असेल तर सॅमसंग खात्याची आणखी एक. फोन या सगळ्या वह्या एकत्र मिसळून एकच यादी दाखवतो, त्यामुळे कुठलं नाव कुठल्या वहीत आहे ते पटकन कळत नाही. एखादं नाव उघडा आणि एडिट दाबा. तिथे तुमचा ईमेल पत्ता दिसला तर तो नंबर गुगलकडे आहे. 'डिव्हाइस' किंवा 'फोन' दिसलं तर तो फक्त तुमच्या हातात आहे. माझ्या चारशेपैकी फोनच्या वहीत एकही नव्हता. नवा फोन घेतला तेव्हा जेल रोडच्या दुकानातल्या मुलाने "आंटी, जीमेल डाल देता हूँ, सब नंबर आ जाएँगे" म्हटलं आणि मी मान डोलावली होती.

आता काम. क्रम मोडू नका, कारण क्रम चुकला की नंबर हरवतात.

पहिलं पाऊल म्हणजे सगळ्या नंबरांची एक फाइल काढून ठेवणं. गुगलच्या काँटॅक्ट्स ॲपमध्ये खाली 'ऑर्गनाइझ' आहे, त्यात 'एक्स्पोर्ट टू फाइल'. सॅमसंगमध्ये 'मॅनेज काँटॅक्ट्स' मध्ये 'इंपोर्ट ऑर एक्स्पोर्ट'. व्हीसीएफ नावाची फाइल तयार होते. ती स्वतःला ईमेल करू नका, व्हॉट्सॲपवरही टाकू नका. ज्या दाराने नंबर बाहेर जातात तेच दार आपण बंद करायला निघालोय.

दुसरं पाऊल बहुतेकांकडून राहून जातं. फोनच्या सेटिंग्जमध्ये गुगल उघडा आणि 'गुगल काँटॅक्ट्स सिंक' शोधा. त्यात 'ऑल्सो सिंक डिव्हाइस काँटॅक्ट्स' असा एक पर्याय आहे. तो चालू असेल तर तुम्ही मुद्दाम फोनच्या वहीत लिहिलेले नंबरही उचलून खात्यात नेले जातात. तो बंद करा. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी पहिल्या वेळी हे न बघता सगळे नंबर फोनवर हलवले आणि दोन दिवसांनी ते पुन्हा खात्यात जाऊन बसलेले दिसले.

तिसरं, नवे नंबर आपोआप कुठे जातात ते बदला. काँटॅक्ट्सच्या सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट अकाउंट फॉर न्यू काँटॅक्ट्स' असतं, सॅमसंगमध्ये 'डीफॉल्ट स्टोरेज लोकेशन'. तिथे डिव्हाइस किंवा फोन निवडा. काही फोनांमध्ये हा पर्याय दिसतच नाही. तसं असेल तर निराश होऊ नका, खाली दुसरी वाट सांगते.

मग 'इंपोर्ट फ्रॉम फाइल' करून मघाची फाइल परत आत घ्या आणि 'कुठे ठेवू' असं विचारल्यावर डिव्हाइस सांगा. आता प्रत्येक नाव दोनदा असेल, एक खात्यात आणि एक फोनवर. पण यादीत बहुतेक वेळा ते एकच दिसेल, कारण फोन सारखी नावं जोडून टाकतो. इथे फार सांभाळा. असं जोडलेलं नाव फोनवरून पुसलंत तर दोन्ही प्रती जातात. म्हणून पुसायचं काम फोनवर करूच नका. कॉम्प्युटरवर गुगल काँटॅक्ट्सची साइट उघडा आणि तिथून पुसा. तिथे फक्त खात्यातली प्रत असते. आधी एकच, बिनमहत्त्वाचा नंबर पुसून बघा. मी आमच्या गॅसवाल्याचा पुसला. पाच मिनिटांनी फोनमध्ये तो शाबूत दिसला, तेव्हाच बाकीचे पुसले. पुसलेले नंबर ३० दिवस कचऱ्याच्या डब्यात, म्हणजे 'ट्रॅश' मध्ये राहतात. फोनवर सगळं नीट आहे याची खात्री झाली की तोही रिकामा करा.

त्याच साइटवर 'अदर काँटॅक्ट्स' नावाचा एक कोपरा आहे. ज्यांना तुम्ही ईमेल पाठवलाय त्यांचे पत्ते तिथे आपोआप साठलेले असतात. माझ्याकडे अशा दोन वकिलांचे आणि एका समुपदेशिकेचे पत्ते निघाले. तेही बघा. आणि खात्याच्या सिक्युरिटी पानावर 'युअर डिव्हाइसेस' उघडून, तुमचं खातं अजून कुठल्या कुठल्या फोनवर उघडं आहे ते तपासा. भाच्याचा फोन मला तिथेच दिसला आणि घरबसल्या साइन आउट करता आला.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात. सेटिंग्जमध्ये सर्वात वर आपल्या नावावर टिचकी, मग आयक्लाउड, तिथे काँटॅक्ट्स बंद. फोन विचारेल, आधीचे नंबर ठेवायचे की पुसायचे. 'कीप ऑन माय आयफोन' निवडा. माझ्या जाऊबाईंनी घाईत 'डिलीट' दाबलं होतं. आयक्लाउडवर नंबर होते म्हणून पुन्हा चालू केल्यावर परत आले. तरी हा बदल शांतपणे बसून करा.

एवढं करून फक्त साठवण घरी आली. वाचणारे वेगळेच आहेत. ज्या ॲपला तुम्ही 'काँटॅक्ट्स' ची परवानगी दिली आहे, ते फोनची वहीसुद्धा वाचतं. व्हॉट्सॲप तर वहीतले नंबर आपल्या सर्व्हरशी ताडून बघतं, म्हणूनच कोण व्हॉट्सॲपवर आहे ते तुम्हाला दिसतं. सेटिंग्जमधल्या 'परमिशन मॅनेजर' मध्ये जा, काँटॅक्ट्स उघडा आणि यादी डोळे उघडे ठेवून वाचा. माझ्या फोनमध्ये एका किराणा ॲपला, एका टॉर्चला आणि एका पंचांगाला नंबर वाचायची मुभा होती. पंचांगाला माझ्या बायकांचे नंबर कशाला हवेत? तिथल्या तिथे काढून टाकली. आयफोनमध्ये २०२४ च्या आयओएस १८ पासून ॲपला सगळी यादी न देता निवडक नावंच देता येतात, ती सोय चांगली आहे.

व्हॉट्सॲपची परवानगी काढली तरी ते चालतं. नावाऐवजी नंबर दिसतात, एवढंच. नंबर न साठवता कुणाला निरोप पाठवायचा असेल तर ब्राउझरमध्ये 'डब्ल्यूए डॉट एमई' लिहा, मग तिरकी रेघ, मग ९१ आणि त्याला जोडून दहा आकडी नंबर, मध्ये मोकळी जागा नाही. थेट गप्पांचं पान उघडतं.

पण नात्यागोत्यातल्या, सोसायटीतल्या गटांत नुसते नंबर बघत बसणं मलाही जमेना. म्हणून मी ती दुसरी वाट धरली. साधे साडेतीनशे नंबर नेहमीच्या वहीत, आणि ते साठ एका वेगळ्या ॲपमध्ये. अँड्रॉइडवर 'फॉसिफाय काँटॅक्ट्स' नावाचं मुक्त स्रोत ॲप आहे, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही तपासता येतो असं. एफ-ड्रॉइड या अशाच ॲपच्या दुकानात ते फुकट मिळतं. त्यात नंबर लिहिताना 'फोन स्टोरेज, नॉट व्हिजिबल बाय अदर ॲप्स' असा पर्याय येतो, म्हणजे दुसऱ्या ॲपना न दिसणारी साठवण. तिथे लिहिलेला नंबर ना व्हॉट्सॲपला दिसतो, ना गुगलला. त्याची एक किंमत आहे: त्या बाईचा फोन आला की नेहमीच्या डायलरवर तिचं नाव येत नाही, नुसता नंबर येतो. मला तेच बरं वाटतं. मंडईत भाजी घेताना पडद्यावर तिचं नाव झळकलेलं कुणाला दिसायला नको. महत्त्वाचे काही नंबर आता मला पूर्वीसारखे पाठही झालेत.

सिमवर ठेवू का, असं बरेच जण विचारतात. नका ठेवू. साधारण अडीचशे नंबर मावतात, नाव तुटकं लिहावं लागतं, आणि सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की कुणालाही ते वाचता येतात. सिमला पिन लावता येतो, तो जरूर लावा. पण तीन वेळा चुकला तर पीयूके, म्हणजे सिम कंपनीकडचा कुलूप उघडायचा आकडा, मागतं, आणि तो दहा वेळा चुकला तर सिम कायमचं बंद.

आता जोखमीची गोष्ट. नंबर फक्त फोनमध्ये ठेवलेत, की फोन गेला तर नंबर गेले. राजवाड्याच्या गर्दीत फोन चोरीला गेला तर नवीन फोनवर कुणीही काहीही परत आणून देणार नाही. तेव्हा प्रत तुम्हालाच ठेवावी लागेल. दर महिन्याच्या एक तारखेला मी व्हीसीएफ फाइल काढते, ओटीजी केबलने (फोनला पेन ड्राइव्ह जोडणारी छोटी वायर) पेन ड्राइव्हवर घेते, कॉम्प्युटरवर सेव्हन-झिप या प्रोग्रामने पासवर्ड लावून बंद करते आणि उघडी फाइल फोनवरून व पेन ड्राइव्हवरून पुसते. फॉसिफायमधल्या साठ नंबरांची फाइल त्या ॲपमधून वेगळी काढावी लागते, हे विसरू नका. पेन ड्राइव्ह कपाटात, पासवर्ड कपाटात नाही.

पासवर्ड का, ते सांगते. ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. मराठीत लिहिलेली नावं तिथे पुष्कळदा बरोबरच्या (=) चिन्हांची, इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक माळ होऊन दिसतात, कारण जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये देवनागरीचं एकेक अक्षर असं तीन तुकड्यांत लिहिलं जातं. पहिल्यांदा बघून मला वाटलं फाइल बिघडली. बिघडलेली नसते, परत आत घेतली की नावं जशीच्या तशी येतात. पण नंबर मात्र कुणालाही वाचता येतील असे स्वच्छ असतात.

आणखी दोन ठिकाणी नंबर मागे राहतात. एक म्हणजे कॉलची यादी. नाव कुठेही नसलं तरी कुणाशी, किती वाजता, किती मिनिटं बोललात ते तिथे असतं, आणि गुगलच्या बॅकअपमध्ये 'कॉल हिस्टरी' ही जाते. असा फोन झाला की मी ती ओळ लगेच पुसते, आणि सेटिंग्जमधला बॅकअप मी बंदच ठेवलाय. दुसरं ठिकाण गाडी. उज्जैनला जाताना एका भाड्याच्या गाडीत मी ब्लूटूथ जोडलं, फोनने काहीतरी विचारलं, मी 'अलाउ' दाबलं आणि समोरच्या पडद्यावर माझी सगळी यादी उतरली. ड्रायव्हर सरळ माणूस होता, त्यानेच पुसायला मदत केली. ब्लूटूथ जोडताना 'काँटॅक्ट्स आणि कॉल हिस्टरी' ला परवानगी मागतात, ती देऊ नका. फोनवर बोलणं त्याशिवायही होतं.

जुना फोन कुणाला देताना आधी नंबरांची फाइल काढून घ्या, मग खातं काढा, मग फॅक्टरी रीसेट. नुसते फोटो पुसून देऊ नका.

राहिली ती नावं. सुमनचं नाव मी जसं लिहिलं होतं, ती माझी सगळ्यात मोठी चूक. नंबर कितीही लपवला तरी नावातच तिची सगळी कहाणी लिहून ठेवली होती. "कोर्टवाली", "मारहाण, दोन मुलं", "बहिणीकडे लपलेली" अशी अठ्ठावीस नावं निघाली. एका दुपारी बसून सगळी बदलली. आता नंबर घेतानाच मी विचारते, काय नावाने लिहू? आणि माझा नंबर तू काय नावाने ठेवशील? कारण तिचा फोन बहुतेक वेळा घरातलं कुणीतरी बघत असतं.

सुमन सध्या माहेरी आहे. गेल्या महिन्यात तिने नवा नंबर कळवला. म्हणाली, "ताई, 'पापडवाली' लिहा. आणि मी तुम्हाला 'शिलाई मशीन' लिहिलंय, तेव्हा उचलल्यावर आधी मशीनचंच बोला."