छोट्या प्रकाशनात काम करायचंय? परीक्षण आलं की काय करायचं ते आधी वाचा

मी बडोद्याची. २०१८ ला इथे साहित्य संमेलन झालं तेव्हा कॉलेजात होते, तिथे पुस्तकांच्या स्टॉल्समधून तीन दिवस हिंडले आणि ठरवलं की ह्याच कामात यायचं. इथल्या एम. एस. युनिव्हर्सिटीतून मराठीत एम. ए. केलं आणि दांडिया बाजारातल्या एका छोट्या प्रकाशनात लागले, फक्त कथा-कादंबऱ्या काढतात, वर्षाला पाच-सहा. माणसं तीन, मालक म्हणजे काका, डिझाइन करणारा एक गुजराती मुलगा आणि मी. नवीन पुस्तकाची बातमी लोकांपर्यंत नेणं आणि आमच्या लेखकांबद्दल कुठे काही छापून आलं की ते सगळ्यांना सांगणं हे माझं काम.

आधी हे लक्षात घ्या की परीक्षण आपोआप येत नाही. पेपरच्या रविवार पुरवणीला, मासिकांना दोन-दोन प्रती पाठवायच्या, आत 'अभिप्रायार्थ' असा शिक्का, सोबत एक पानाचं पत्र, आणि एवढं करून बरेचदा पुस्तक 'साभार पोच'मध्ये एका ओळीत येतं, नाव, लेखक, पानं, किंमत, बस. मला आधी वाईट वाटायचं, पण त्या एका ओळीवरूनच एका वाचनालयाने सात प्रती मागवल्या तेव्हापासून मी ती ओळसुद्धा आनंदाने शेअर करते.

आता माझी चूक सांगते. आमच्या एका लेखिकेच्या पहिल्या कादंबरीवर मोठं परीक्षण आलं, त्यात होतं की भाषा अतिशय जिवंत आहे, मात्र मधल्या भागात गोष्ट रेंगाळते. मी 'मात्र'च्या आधीचं उचललं, पूर्णविराम दिला, कव्हरचा फोटो लावला आणि पोस्ट टाकून दिली. संध्याकाळी लेखिकेचा फोन, "अगं, पूर्ण वाक्य टाक ना, त्यांनी चारशे पानं वाचून लिहिलंय, आणि रेंगाळते हे खरंय." मी पोस्ट बदलली, आणि तेव्हापासून परीक्षण दोनदा वाचल्याशिवाय एक अक्षर उचलत नाही. आणि खरं सांगू का, 'अप्रतिम, जरूर वाचा' असलं वाक्य वाचून कोणी पुस्तक मागवत नाही, पण एकांनी लिहिलं होतं की ह्या कथेतली आजी कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत मुलाशी भांडते, तेवढंच मी टाकलं तर दिवसभर विचारणा येत होती की कुठे मिळेल. असं वाक्य शोधा ज्यात पुस्तक दिसतं.

ॲमेझॉनवर लेखकाच्या घरच्यांना, मित्रांना रिव्ह्यू लिहायला सांगू नका, त्यांच्या नियमात ते बसत नाही आणि काढून टाकतात. अनोळखी वाचकाच्या चार ओळी आल्या तर त्याच मिरवा.

नवीन पुस्तकाचं म्हणाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो पण वेळेवर मागवा, ई-बुकला वेगळा लागतो. कव्हरवर 'ऱ्या' नीट येतोय का ते स्वतः बघा, आमच्या डिझाइन करणाऱ्या मुलाची चूक नाही, गुजरातीत हे अक्षरच नाही, पण एकदा 'वाऱ्या'चं 'वार्या' होऊन प्रेसला जाता जाता वाचलं. श्रीलिपी ह्या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमधला मजकूर युनिकोडमध्ये आणलात तर जोडाक्षरं पुन्हा एकदा तपासाच. १९५४ च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत जायला हवी, हे गडबडीत राहतं. आणि बाइंडिंग होऊन पुस्तक हातात आल्याशिवाय तारीख जाहीर करू नका, आम्ही पाडव्याची केली होती आणि पुस्तक आलं आठ दिवसांनी, ज्यांनी आधी पैसे भरले होते त्या प्रत्येकाला काकांनी स्वतः फोन केले.

पाठराखण, म्हणजे पुस्तकाच्या मागच्या पानावरचा मजकूर, लिहायला शिकायचं असेल तर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसा, सयाजीरावांनी १९१० ला सुरू केलेली, जुन्या कादंबऱ्या काढून फक्त मागचं पान वाचत जा, मी अजूनही जाते.

अजून एक सवय लावून घेतलीये. पोस्ट टाकायच्या आधी परीक्षण लेखकाला फोनवर अख्खं वाचून दाखवते, चांगलं-वाईट सगळं. परवा आमच्या एका लेखकांना वाचून दाखवत होते, ६७ व्या वर्षी पहिला कथासंग्रह आलाय त्यांचा, निम्म्यात म्हणाले, "थांब बेटा, हिला बोलावतो," आणि मग दोघांसाठी मी परत पहिल्या ओळीपासून वाचलं.