ग्रीक बेटांवर व्हिला बुक करताय? या चुका टाळा, नाहीतर बजेट हाताबाहेर जाणार

दोन-तीन फॅमिली मिळून ग्रीसला जायचं, हॉटेलच्या पाच रूम घेण्यापेक्षा एक मोठा व्हिला घ्यायचा, पूल असेल, स्वतःचं किचन असेल, आजी-आजोबांना सकाळी सहाला चहा मिळेल. कल्पना झकास आहे आणि माणशी हिशोब केला तर बऱ्याचदा हॉटेलपेक्षा स्वस्तही पडते. पण लोक व्हिलाच्या फोटोला भुलतात आणि मग रेट बघून डोक्याला हात लावतात, कारण एक गोष्ट लक्षात येत नाही की तुम्ही पैसे घराचे देतच नसता. आधी तारखेचे देता, मग जागेचे, आणि घराचा नंबर लागतो तिसरा. तेच घर, तोच पूल, मे महिन्यात एक भाव आणि ऑगस्टमध्ये सहज दुप्पट, कधी त्याहून जास्त.

तारखांचा घोळ

ही सगळ्यात महाग चूक, म्हणून इथेच जरा जास्त बोलतो.

बेटांवरचा सीझन साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबरअखेर. हिवाळ्यात घर बंद पडून असतं पण बाग, पूल, दुरुस्ती, रंगकाम हे सगळं मालकाला करावंच लागतं, म्हणजे वर्षभराचा खर्च त्या वीस-पंचवीस आठवड्यांत काढायचा असतो, आणि त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टवर टाकला जातो कारण तेव्हा कितीही मागितलं तरी गिऱ्हाईक येतंच. इंग्लंडच्या शाळांना जुलैच्या शेवटी सुट्टी लागते, इटलीवाले ऑगस्टच्या मध्यात घराबाहेर पडतात, आणि १५ ऑगस्टला खुद्द ग्रीक लोकांचा मेरीमातेचा मोठा सण असतो, अथेन्स रिकामं होऊन सगळे बेटांवर. आता आपण काय करतो? स्वातंत्र्यदिनाची सुट्टी आहे, पुढेमागे रजा टाकून लाँग वीकेंड जोडू! म्हणजे बरोब्बर वर्षातला सगळ्यात महागडा आठवडा आपण आपल्या हाताने निवडतो.

खरं तर महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी ही आपल्यासाठी लॉटरी आहे. मे पूर्ण आणि जूनच्या मध्यापर्यंत पोरं मोकळी असतात, आणि युरोपातली बहुतेक पोरं तेव्हा शाळेत. मे मध्यापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत क्रीट बेटावर हवा मस्त असते, गर्दी बेताची, तिथली ट्रेकिंगवाली सामारियाची दरी पण साधारण मे मध्येच उघडते. फक्त दोन खड्डे सांभाळा. एक म्हणजे मे महिन्याचा शेवटचा आठवडा, तेव्हा इंग्लंडमध्ये हाफ टर्म म्हणजे शाळांची आठवडाभराची सुट्टी असते आणि त्या एका आठवड्यात रेट उडी मारतो, पुढच्या आठवड्यात परत खाली. दुसरा म्हणजे ईस्टर. ग्रीकांचा ईस्टर वेगळ्या कॅलेंडरने येतो, २०२७ मध्ये तो २ मे ला आहे, म्हणजे महाराष्ट्र दिनाची सुट्टी धरून जायचा बेत असेल तर नेमकी तिथली ऐन सणाची गर्दी, फेरीबोटी फुल, अर्धी दुकानं बंद. (बघायला भारी असतं, पण बजेटवाल्यांनी आठवडाभर पुढे सरका.)

मे मधली एक अडचण खरी आहे, समुद्राचं पाणी १९-२० डिग्री असतं आणि गरम न केलेला पूल तर आणखी गार. लिस्टिंगमध्ये 'हीटेड पूल' लिहिलेलं असलं तरी हीटिंगचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे असतात, दिवसाचे किंवा आठवड्याचे, आणि पाणी तापायला वेळ लागतो म्हणून काही दिवस आधी सांगावं लागतं. बुक करायच्या आधी सरळ विचारा की किती पैसे आणि किती डिग्रीपर्यंत. उत्तर गोलगोल आलं तर पूल गार आहे असंच धरून चाला.

दिवाळीच्या सुट्टीत स्वस्त मिळतं म्हणून जाणारेही बरेच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुट्टी काढता आली तर छान, समुद्र तेव्हा मे पेक्षा उबदार असतो. पण ऑक्टोबर संपला की युरोपातून बेटांवर येणाऱ्या बऱ्याच थेट फ्लाइट बंद होतात, बीचवरच्या टॅव्हर्ना म्हणजे छोट्या खानावळी शटर ओढतात, आणि कॉर्फूसारख्या बेटावर नोव्हेंबरमध्ये धो धो पाऊस. ते बेट इतकं हिरवंगार उगाच नाहीये.

बेट चुकलं की सगळं चुकलं

सगळ्यांना सँटोरिनी हवं असतं. पण दहा जणांचा ग्रुप, त्यात गुडघेदुखीवाल्या दोन काकू, आणि कॅल्डेराच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या खोल मुखाच्या, कड्यावर व्हिला? तिथे जागाच नाहीये हो. ओइया, इमेरोविग्लीला घरं कड्यात कोरलेली, लहान, गाडी दारापर्यंत जात नाही, सामान घेऊन पायऱ्याच पायऱ्या, आणि फोटोत जो पूल दिसतो तो आपल्या टेरेसवरच्या टाकीएवढा. पैसे फक्त समोरच्या व्ह्यूचे. त्याच बेटाच्या पूर्वेला कामारी, पेरिसा इकडे काळ्या वाळूचे बीच आहेत, सपाट आहे, आणि भाव बराच खाली. माझं मत विचाराल तर सँटोरिनीला दोन रात्री साधं हॉटेल घ्या, सूर्यास्त बघा, आणि व्हिला क्रीट किंवा नाक्सोसला घ्या.

आता क्रीटची गंमत अशी की लोक त्याला 'एक छोटं बेट' समजतात. पूर्व-पश्चिम साधारण २६० किलोमीटर लांब आहे ते! विमानतळ दोन मुख्य, हेराक्लियन आणि हानिया. स्वस्त फ्लाइट हानियाची मिळाली म्हणून ती घेतली आणि व्हिला एलुंडाला, म्हणजे उतरल्या उतरल्या दोनशे किलोमीटर ड्रायव्हिंग, पोरं मागे रडतायत. आधी भाग ठरवा मग फ्लाइट. एलुंडा हे तसंही बेटावरचं महागडं टोक आहे. हानियाच्या पूर्वेला आपोकोरोनास म्हणून भाग आहे, वामोस, गावालोहोरी अशी गावं, तिथे पूलवाले व्हिला ढिगाने आहेत आणि स्पर्धा असल्यामुळे भाव आवाक्यात राहतो.

कॉर्फूचंही तसंच, ईशान्येचा किनारा, कासिओपी, कालामी, आग्नी, इथे श्रीमंत ब्रिटिशांची जुनी वर्दळ, त्यामुळे तिथल्या साध्या घराचाही भाव चढा. बेटाच्या आतल्या गावात गेलात तर तेवढ्याच पैशात एक बेडरूम जास्त. समुद्रापासून गाडीने दहा मिनिटं आत गेलं की रेट घसरतो हा नियम जवळपास सगळ्याच बेटांवर चालतो. फक्त 'सी व्ह्यू' आणि 'सी फ्रंट' यात गल्लत करू नका, डोंगरावरून तीन किलोमीटर लांब समुद्राची निळी पट्टी दिसते तेही सी व्ह्यूच.

गाडीचा हिशोब विसरणं

आत गेलात की गाडी लागणारच, दहा जणांना दोन. ही रक्कम व्हिलाच्या रेटमध्ये मिळवून मगच तुलना करा, नाहीतर स्वस्त व्हिला महाग पडतो. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, ऑटोमॅटिक गाड्या कमी आणि महाग, आणि भारतातल्या लायसन्सवर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, ते आरटीओतून निघतं, एक वर्ष चालतं, निघायच्या आधी करून घ्या. क्रीटच्या बालोस बीचकडे जाणारा कच्चा रस्ता गाडीच्या इन्शुरन्समध्ये बहुतेक बसत नाही, टायर फुटला की खिशातून.

आणि एजियन समुद्रातल्या बेटांवर, पारोस, नाक्सोस, मायकोनोस वगैरे, जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, जोर वाढला की फेरीबोटी बंदरातच बांधून ठेवतात. परतीची फेरीबोट आणि मुंबईची फ्लाइट एकाच दिवशी कधीच ठेवू नका, शेवटची रात्र अथेन्सला काढा.

एका रात्रीचा रेट बघून भुलणं

साइटवर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो खरा आकडा नव्हे. क्लीनिंग फी एकदाच लागते, तीन रात्री राहिलात काय आणि दहा राहिलात काय, म्हणून छोटा मुक्काम रात्रीमागे महाग पडतो. त्यात साइटची फी. त्यावर ग्रीक सरकारचा क्लायमेट रेझिलियन्स फी नावाचा कर, २०२५ पासून तो बराच वाढलाय. ८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या स्वतंत्र घराला एप्रिल ते ऑक्टोबर रात्रीला १५ युरो, नोव्हेंबर ते मार्च ४ युरो. भाड्याच्या फ्लॅटला हेच ८ आणि २. हा माणशी नाही, घरामागे आहे, म्हणजे सात रात्रींचे १०५ युरो, आणि बरेच मालक तो तिथे गेल्यावर वेगळा मागतात तेव्हा लोकांना वाटतं फसवतोय. फसवत नाहीये, फक्त आधी विचारून घ्या रेटमध्ये धरलाय की नाही.

ग्रुप मोठा असेल तर अजून एक. तीन बेडरूमचे व्हिला भरपूर, पाच-सहाचे कमी, म्हणून पाच बेडरूमला भाव सरळ हिशोबाने नाही तर उडी मारून वाढतो. कधीकधी शेजारीशेजारी दोन छोटी घरं स्वस्त पडतात, पण कर दोन्ही घरांना लागतो हे धरा. आणि '१० जणांसाठी' म्हणजे दहा जणांना बेड असंही नसतं, हॉलमधला सोफाबेड मोजलेला असतो. लहान मुलंही संख्येत धरतात, 'अहो ती झोपेल आमच्यात' हे तिथे चालत नाही.

ऐन सीझनमध्ये शनिवार ते शनिवार सात रात्रीच घ्याव्या लागतात बऱ्याच ठिकाणी. मे-जूनमध्ये मात्र दोन बुकिंगच्या मधे चार-पाच रात्री रिकाम्या राहिलेल्या दिसल्या तर मालकाला मेसेज टाका, त्या तशाही वाया जाणार असतात, घासाघीस तिथेच चालते. ऑगस्टमध्ये घासाघीस करायला गेलात तर उत्तरही येणार नाही.

व्हिसाच्या आधी पैसे अडकवणं

हॉटेलसारखं फ्री कॅन्सलेशन व्हिलात कमी मिळतं. आधी ॲडव्हान्स, उरलेले महिना-दोन महिने आधी, आणि मग परत मिळणं मुश्किल. आपल्याला शेंगेन व्हिसा (ग्रीससकट युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) लागतो, त्याला प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५. उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट पटापट भरतात, त्यामुळे मे साठी जानेवारी-फेब्रुवारीतच लागा, आणि व्हिसा लागेपर्यंत ज्याचे पैसे परत मिळतात असंच घर घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. लंडनला राहणारा मुलगा आणि पुण्याहून येणारे आईबाबा असा बेत असेल तर युकेच्या व्हिसावर ग्रीसला जाता येत नाही, आईबाबांना शेंगेन वेगळा लागणार, आणि मुलाचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्यालाही.

लिस्टिंगवर सरकारी नोंदणी नंबर आहे का बघा, ग्रीसमध्ये तो जाहिरातीत देणं बंधनकारक आहे. नंबर नाही, आणि 'साइटच्या बाहेर बँकेत ट्रान्सफर करा, डिस्काउंट देतो' असा मेसेज आला की तिथेच थांबा. सुंदर फोटो, ऑगस्टमध्ये निम्मा रेट, हा कॉम्बो खरा नसतो. पेमेंट क्रेडिट कार्डाने, आणि मशीनवर रुपये की युरो विचारलं तर युरो, रुपये निवडले की कन्व्हर्जनमध्ये कापतात. डिपॉझिटही कार्डावर ब्लॉक करतात, लिमिट शिल्लक ठेवा.

गोव्याचा व्हिला डोक्यात ठेवून जाणं

आसगावला व्हिला घेतला की केअरटेकर असतो, स्वयंपाकाला कुणीतरी येतं, भांडी घासलेली मिळतात. ग्रीसमध्ये दाराशी एक डबी, तिचा कोड व्हॉट्सॲपवर, आत किल्ली, संपलं. सफाई आठवड्यातून एकदा, ती पण असेल तर. कुक हवा तर वेगळा आणि महाग. चूल बहुतेक ठिकाणी सपाट काचेची इलेक्ट्रिक, गोल बुडाची कढई त्यावर डुगडुगते, सपाट बुडाचा पॅन न्या. तूप, पेढे, पनीर घेऊन जाऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. मसाले, डाळ, पोहे खुशाल न्या. आणि फोडणी देताना खिडक्या उघडा बरं का, ऑक्टोबर २०२५ पासून भाड्याच्या घरांत स्मोक डिटेक्टर सक्तीचा आहे आणि मोहरी-मिरचीचा ठसका त्याला आपल्यापेक्षा आधी लागतो. कमोडमध्ये पेपर टाकायचा नाही, पाइप बारीक असतात, बाजूला डबा असतो. जेट स्प्रे नसतो, टमरेलाची सोय आपली आपण करा.

पोहोचल्यावर काही बिनसलं तर

एसी चालत नाही, पूल हिरवा, एक बेडरूम म्हणजे माळाच निघाला? चार दिवस सहन करून शेवटी रिव्ह्यूमध्ये राग काढण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी व्हिडिओ काढा, साइटच्याच मेसेजमध्ये लिहा, फोनवर नाही, म्हणजे रेकॉर्ड राहतं. मालकाला दुरुस्त करायला एक दिवस द्या, नाही झालं तर साइटकडे रिफंड मागा. घर सोडताना खोल्यांचा व्हिडिओ परत काढून ठेवा, डिपॉझिटचा वाद झाला तर तोच कामी येतो. चेकआउट बहुतेक सकाळी दहाला असतं आणि संध्याकाळी सातची फ्लाइट असेल तर दहा जणांच्या बॅगा उन्हात कुठे ठेवायच्या हे आदल्या दिवशीच मालकाला विचारून ठेवा, मे मध्ये पुढचं बुकिंग नसलं तर दुपारपर्यंत थांबू देतात, कधी फुकट, कधी थोडे पैसे घेऊन.