निघोजच्या कुंडावर भूशास्त्र केंद्र उभारण्याआधी

निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे, म्हणजे खडकात कोरले गेलेले रांजणासारखे खड्डे, पाहायला माणसे येतातच. कितीतरी जण मळगंगेच्या दर्शनाला येतात आणि मग पात्रात उतरतात. म्हणून आराखड्याआधी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसात काठावर बसून माणसे कुठून येतात, कुठे रेंगाळतात, काय विचारतात ते टिपून घ्या. एका काठाला पारनेर तालुका, दुसऱ्याला शिरूर, म्हणजे जिल्हेही दोन. दोन्हीकडच्या ग्रामपंचायतींशी बोलणे तेव्हाच सुरू व्हावे.

मग दगडाकडे वळा. विहिरी खोदणाऱ्यांना बोलवा. काळा पाषाण, मांजऱ्या, मुरूम हे त्यांचे शब्द बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या इथल्या खडकाच्या, शास्त्रीय नावाच्या जोडीने फलकावर हवेत. हातात घेऊन पाहायचे नमुने त्यांच्या खोदाईतूनच मिळवा. पात्रातला एकही गोटा हलवू नका, कारण खळग्यांच्या तळाशी पडलेले गोटे ही ते खळगे कोरणारी हत्यारे आहेत. पुराच्या भोवऱ्यात ते खडकाच्या खोलगट जागी अडकतात, गरगरत तळ आणि कडा घासतात. शेजारचे खळगे रुंदावत एकमेकांत उघडतात. हे वाचून पटत नाही, पाहावे लागते. त्यासाठी काचेची टाकी, तिच्यात मऊ प्लास्टरचा ठोकळा, भरड वाळू, थोडे खडे आणि पाण्याचा गोल फिरणारा झोत एवढे मांडा. तोटी मुलांच्या हाताला येईल इतकी खाली असू द्या. पैसे कमी पडले तर इमारत लहान करा, ही टाकी मात्र वगळू नका.

अंगणात 66 मीटर लांब दोरी ताणा. एक मीटर म्हणजे 10 लाख वर्षे. एका टोकाला दख्खनचा लाव्हा, दुसऱ्या टोकाला आज. माणसाची जात शेवटच्या 30 सेंटीमीटरांत मावते. खळगे लाव्हाच्या टोकाशी दाखवू नका. खडक जुना, त्यावरचे नदीचे कोरीवकाम त्याच्या खूप नंतरचे, हा फरक बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

इमारत पूररेषेच्या वर, बुटकी, पात्राकडे उघडणारी असावी. पावसाळ्यात पात्रात उतरणे बंद ठेवून पडवीतूनच पाहू द्यावे. एरवीही वर येडगाव धरणातून पाणी सुटणार असेल तर निरोप आधी केंद्रात पोचेल अशी व्यवस्था पाटबंधारे खात्याशी लेखी ठरवून घ्या, आणि तो निरोप मिळताच भोंगा कोणी वाजवायचा त्याचे नाव उद्घाटनाआधी पक्के करा.