वर्गातल्या मदतनीस ताईंनो, या चुका टाळा

ज्युनिअर-सिनिअर केजी किंवा पहिलीच्या वर्गात टीचरच्या जोडीला एक ताई असते. कुठे ती असिस्टंट टीचर म्हणून सगळ्या वर्गाची असते, तर कुठे एकाच मुलासाठी नेमलेली शॅडो टीचर. जूनमध्ये नव्याने रुजू झालेल्या ताया ज्या चुका करतात, त्यातल्या बहुतेक जास्तीच्या मायेपोटी होतात.

मुलाचं काम आपणच उरकणं. डबा उघडून देणं, बटणं लावणं, चित्रात रंग भरून देणं. भिंतीवरच्या गणपतीत कोणाचा हात फिरलाय, हे घरच्यांना एका नजरेत कळतं. यावर उपाय म्हणजे कामाचे तुकडे पाडायचे आणि शेवटचा तुकडा मुलासाठी ठेवायचा. बटण काजात अर्धं सरकवून द्या, पलीकडून ओढून ते काढायचं मुलाने. ते जमायला लागलं की आणखी एक पायरी सोडून द्या. सूचना दिल्यावर लगेच पुन्हा बोलू नका, मनात दहापर्यंत मोजा. नाहीच सुरुवात झाली तर आधी बोटाने खूण करा, मग एखादा शब्द. मुलाचा हात धरून करून घेणं सगळ्यात शेवटी.

शॅडो टीचरने मुलाला चिकटून बसणं. ही चूक मला सर्वांत महागडी वाटते. शेजारी सतत ताई असली की मूल फळ्याकडे न बघता ताईकडे बघतं, आणि बाकीची मुलंही ‘ताई, त्याला खडू हवाय का?’ असं तिलाच विचारतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधलं समावेशक शिक्षण म्हणजे दिव्यांग मुलांनी बाकीच्यांबरोबर शिकणं, आणि इथे तर वर्गातच दोघांचं वेगळं बेट तयार होतं! खुर्ची थोडी मागे, बाजूला घ्या. आसपासच्या दोन-तीन मुलांनाही मदत करत राहा. कोणी तुम्हाला विचारलं तर ‘त्यालाच विचार ना’ म्हणा. टीचरने प्रश्न विचारला की उत्तर कानात सांगू नका.

मूल बिथरलं की समजावत बसणं. त्या क्षणी त्याच्या कानावर पडणारा प्रत्येक शब्द भर घालतो. बोलणं कमी करा, बघ्यांना बाजूला करा, इजा होईल अशा वस्तू दूर ठेवा. समजावणं नंतर. तेच पुन:पुन्हा होत असेल तर वहीत तीन गोष्टी टिपा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. आठवड्याभरात बरंच उलगडतं. समजा, लिखाणाच्या तासाला पेन्सिल फेकली की ताई बाहेर फिरवून आणते. मग पेन्सिल फेकण्यात फायदाच आहे! अशा वेळी लिखाण कमी करा आणि दमायच्या आधीच छोटी सुट्टी द्या.

‘ऐकलं नाहीस तर नर्सरीत पाठवीन’ ही धमकी साधी वाटते. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही बंदी घातली आहे, हे लक्षात असू द्या.

गेटवर पालकांशी गप्पा नकोत. कोण कोणाला चावलं, कोणाची थेरपी चालू आहे, हे टीचरमार्फतच जाऊ द्या. मुलांचे फोटो स्वतःच्या मोबाईलवर, स्टेटसला तर अजिबात नको.

घाईत घरगुती उपाय करणं. फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली मऊ काही ठेवा, मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही किंवा लगेच दुसरी आली तर 108 ला फोन करा. डब्यात अख्खी द्राक्षं असतील तर उभी चिरूनच द्या. लहानांच्या घशात ती अडकतात. शेंगदाण्यांचंही तसंच, ते अख्खे नकोच.

मुलाने कोणाच्या नकोशा स्पर्शाबद्दल सांगितलं, तर उलटतपासणी करू नका आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका. त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. मुख्याध्यापकांना सांगून आपलं काम झालं, असा अनेकींचा समज असतो. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवण्याची जबाबदारी माहिती असलेल्या प्रत्येकावर आहे, तुमच्यावरही. काय करावं सुचत नसेल तर 1098 ही चाइल्डलाइन आहे.

राहता राहिली टीचर आणि ताईची धुसफूस. टॉयलेटला कोण नेणार, वह्या कोण तपासणार, मावशींचं काम कुठे संपतं, हे ठरलेलं नसतं आणि मग मुलांसमोरच ‘तुम्ही का नाही केलं’ सुरू होतं. टीचरचं पटलं नाही तरी वर्गात तोडू नका. शनिवारी मुलं गेल्यावर दहा मिनिटं मागून घ्या आणि पुढच्या आठवड्याची कामं दोघींनी मिळून कागदावर लिहा.