लाकडी जहाजाला दोर चढवताना : नवख्यांसाठी काही अनुभव

लाकडी जहाजाची प्रतिकृती करायला घेणारे अनेक जण सांगाडा उभारतात, त्यावर पट्ट्या चढवतात, तोफांच्या खिडक्या कोरतात आणि दोरांपाशी येऊन थांबतात. माझे जहाजही दीड वर्ष तीन बोडक्या डोलकाठ्या घेऊन कपाटावर बसून होते, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा ‘पुढचे कधी?’ असे विचारून जात असे. गाठी मला येत होत्या. अडचण अशी होती की आराखड्यावर शेकड्यांनी आकडे होते, प्रत्येक आकड्याचा एक दोर होता, आणि त्यांतला कोणता कोणाच्या आधी बांधायचा याचा उलगडा होत नव्हता. प्रत्येक दोर खऱ्या जहाजावर कशासाठी होता आणि तो कोण ओढीत असे, हे शोधायला लागल्यावर तो उलगडा आपोआप होत गेला. हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तो अनुभव येथे लिहीत आहे.

मी निवडलेले जहाज म्हणजे ‘ट्रिंकोमाली’. नेपोलियनच्या काळातील युद्धांमुळे इंग्लंडमध्ये जहाजांसाठी ओकच्या लाकडाचा तुटवडा पडला, तेव्हा ब्रिटिश आरमाराने मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची काही जहाजे बांधून घेतली. त्यांपैकी ही एक फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराचे वेगवान लढाऊ जहाज. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ती बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. तिचे पहिले आराखडे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढाईत नष्ट झाले, त्यामुळे आराखडे पुन्हा पाठवावे लागले, आराखड्यासाठी खोळंबून राहणारा मी काही पहिला नव्हे. आज हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. नवख्याने जहाज निवडताना हा विचार जरूर करावा, कारण जे जहाज अजून अस्तित्वात आहे त्याच्या दोरांची शेकडो छायाचित्रे मिळतात आणि आराखड्यातील संदिग्ध रेषेचा अर्थ छायाचित्रावरून लागतो. मात्र तीन डोलकाठ्यांचे जहाज पहिल्याच खेपेला घेऊ नये. मी आधी दोन डोलकाठ्यांचा एक लहान स्कूनर केला होता. त्याचे दोर आज पाहताना लाज वाटते, पण हात त्याच्यावरच बसला.

जहाजावरील दोरांचे दोन वर्ग असतात. डोलकाठ्यांना जागच्या जागी धरून ठेवणारे दोर एकदा बांधले की सहसा हलवले जात नसत. ऊन, पाऊस आणि खारे पाणी यांपासून टिकावेत म्हणून त्यांना पाइन वृक्षाचे डांबर पाजलेले असे, त्यामुळे प्रतिकृतीवर ते गडद तपकिरी, जवळजवळ काळे दाखवतात. शिडे आणि शिडांच्या आडव्या काठ्या, म्हणजे परबाणे, हलवणारे दोर कप्प्यांतून रोज फिरत असत. त्यांचा रंग तागासारखा फिकट ठेवतात. सगळे दोर एकाच काळ्या रंगाचे केलेली प्रतिकृती जाणकाराच्या नजरेला लांबूनच खटकते.

दोराच्या जाडीबाबत माझी एक चूक पुष्कळ महागात पडली. जुन्या इंग्रजी कोष्टकांत दोराचे माप इंचांत दिलेले असते आणि ते व्यासाचे नसून परिघाचे असते. मी ते व्यास समजलो आणि तीनपट जाड दोर आणून बसलो. कोष्टकात १० इंच लिहिले असेल तर त्याला ३.१४ ने भागावे. व्यास सुमारे ३.१८ इंच, म्हणजे ८१ मिलिमीटर येतो, आणि १:६४ या प्रमाणात तो दोर सव्वा मिलिमीटरचा होतो. सगळ्या दोरांचे असे हिशेब आधीच एका वहीत मांडून ठेवावेत. दोन मापांमध्ये शंका असेल तेव्हा बारीक दोर घ्यावा. किंचित बारीक दोर डोळ्यांना चालतो, जाड दोर जहाजाचे खेळणे करून टाकतो.

बाजारातील तयार दोर मिळतात, पण तीन पदरांचा दोर घरी वळणे फार अवघड नाही. एका टोकाला तीन आकड्या, दुसऱ्या टोकाला एक फिरती आकडी आणि मध्ये पदर वेगळे ठेवणारी लाकडी शंकूसारखी गुंडी, एवढे साधन पुरते. येथे एक बारकावा आहे. त्या काळी जहाजावरचा सामान्य दोर उजव्या पिळाचा असे, तर शिवणाचा दोरा बहुधा आधीच उजव्या पिळाचा असतो. असे तीन दोरे त्यांच्याच पिळाच्या दिशेने आवळून एकत्र सोडले की ते उलटे फिरतात आणि दोर डाव्या पिळाचा होतो. उजव्या पिळाचा दोर हवा असल्यास डाव्या पिळाचा दोरा शोधावा लागतो. शिवाय वळताना लांबी बरीच घटते, म्हणून हिशेबापेक्षा निम्मा दोरा जास्त घ्यावा. चॅटमच्या गोदीतील दोर वळण्याची इमारत सुमारे ३४६ मीटर लांब का आहे, हे माझ्या सहा फुटी फळीवर दोर आखडताना पाहिल्यावर कळले.

दोर कोणताही असो, तो मधमाशांच्या मेणातून ओढून घ्यावा आणि चिमटीत धरून दोनचार वेळा घासावा. बोटांच्या उबेने मेण मुरते आणि सुटलेले तंतू बसतात. गाठ पक्की करायला पांढरा गोंद निम्मे पाणी घालून वापरावा. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने दोर काडीसारखा कडक होतो, त्यावर पांढरी बुरशी धरल्यासारखे डाग येतात, आणि चुकलेली गाठ सोडवण्याची सोय राहत नाही. पांढऱ्या गोंदाची गाठ मात्र ओल्या कुंचल्याने भिजवली की सुटते.

आता क्रमाकडे वळू. मोठ्या जहाजाची डोलकाठी सलग नसते; खालची काठी, तिच्यावर टॉपमास्ट आणि त्याहून वर टॉपगॅलंट असे तीन तुकडे एकमेकांना जोडलेले असतात. या काठ्यांवर ज्या कप्प्या टांगायच्या त्या सगळ्या, अगदी शेवटच्या कप्पीपर्यंत, काठी टेबलावर आडवी असतानाच बांधून घ्याव्यात. परबाणांचेही तसेच. जहाजावर काठी उभी राहिली आणि भोवती दोरांचे जाळे झाले की एक विसरलेली कप्पी बांधायला अर्धा दिवस जातो आणि दोन दोर तुटतात.

मग पुढून मागे यावे. नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून, समुद्राकडे झेपावणारी तिरकी काठी म्हणजे बोस्प्रिट. पुढच्या डोलकाठीला पुढे ताणून धरणारे दोर, ज्यांना स्टे म्हणतात, ते या बोस्प्रिटवर येतात. मधल्या डोलकाठीचा मुख्य स्टे पुढच्या डोलकाठीच्या पायथ्याशी येतो, तिच्या टॉपमास्टचा स्टे पुढच्या डोलकाठीच्या अंगावर येतो, आणि मागच्या डोलकाठीचे स्टे मधलीवर येतात. अशी ही सगळी मंडळी एकमेकांना धरून उभी असतात, आणि सर्वांचा भार शेवटी बोस्प्रिटवर जातो. म्हणून बोस्प्रिटला जहाजाच्या नाळेशी जखडणारे दोराचे वेढे आणि तिला खाली ओढून धरणारे दोर सर्वांत आधी पक्के करायचे. मी स्कूनरवर हे शेवटी केले होते. तोपर्यंत बोस्प्रिट दोन मिलिमीटर वर उचलली गेली होती आणि पुढचे सारे स्टे सैल पडले होते.

यानंतर श्राउड, म्हणजे डोलकाठीच्या माथ्यावरून दोन्ही कुशींकडे उतरणारे जाड दोर. एक दोर मधोमध दुमडून माथ्यात अडकवतात, त्याची दोन्ही टोके एकाच बाजूला उतरतात आणि दोन श्राउडांची जोडी होते. पहिली जोडी उजव्या कुशीची सर्वांत पुढची, दुसरी डाव्या कुशीची सर्वांत पुढची, मग पुन्हा उजवीकडे, असे आळीपाळीने एकावर एक वेढे बसवायचे आणि सर्वांच्या वर स्टेचा फास टाकायचा. हा खऱ्या जहाजाचाच क्रम आहे, आणि प्रतिकृतीलाही तो मानवतो, कारण एका बाजूचे सगळे श्राउड आधी बांधले तर काठी त्या बाजूला झुकते आणि मग सरळ होत नाही. श्राउड काठीच्या किंचित मागे उतरतात, म्हणजे ते तिला मागे ओढतात. स्टे पुढे ओढतो. हा तोल शेवटी जुळवता यावा म्हणून स्टेचे खालचे टोक तात्पुरते अडकवून ठेवावे आणि श्राउड पूर्ण झाल्यावरच कायमचे बांधावे.

श्राउडाच्या तळाशी डेडआय असतो. ही तीन भोकांची गोल लाकडी चकती. कवटीच्या चेहऱ्यासारखी दिसते म्हणून हे नाव पडले असे सांगतात. वरची चकती श्राउडाला, खालची जहाजाच्या कुशीला, आणि दोन्हींच्या भोकांतून ओवलेला बारीक दोर ओढून श्राउड ताणायचा. वरच्या चकत्यांची रांग एका सरळ रेषेत आली पाहिजे. माझ्या स्कूनरवर ती पडक्या दातांसारखी वरखाली झाली, कारण मी प्रत्येक अंतर नजरेने ठरवले. फ्रिगेटच्या वेळी एक तार इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवली, तिचे एक टोक खालच्या चकतीच्या भोकात व दुसरे वरच्या चकतीच्या भोकात घातले, आणि चकत्या अशा धरून ठेवूनच श्राउड वळवून बांधला. पाच मिनिटांच्या त्या तारेने महिनाभराचा मनस्ताप वाचवला.

श्राउडांवरून चढण्यासाठी खलाशांनी आडवे बांधलेले दोर म्हणजे रॅटलाइन. दोन पायऱ्यांतील अंतर साधारण १३ ते १५ इंच असे. १:६४ प्रमाणात ते सव्वापाच ते सहा मिलिमीटर होते. कागदावर या अंतराच्या रेघा आखून तो श्राउडांमागे लावावा. एका बाजूला सात श्राउड आणि तीस पायऱ्या धरल्या तर २१० गाठी होतात, आणि तीन डोलकाठ्यांच्या मिळून अशा सहा बाजू असतात. मधल्या श्राउडांवर क्लोव्ह हिच, म्हणजे दोन वेढ्यांची आवळ गाठ, मारायची आणि कडेच्या दोन श्राउडांना टोके बांधायची. या कामात जोर लावायचा नसतो. प्रत्येक पायरी केसभर जास्त ओढली गेली तरी तिसाव्या पायरीपर्यंत कडेचे श्राउड आत खेचले जातात आणि शिडीला कंबर येते. ती येऊ नये म्हणून दर सहावी पायरी आधी बांधावी, बाहेरच्या श्राउडाला एक पातळ काडी तात्पुरती बांधून ठेवावी, आणि एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त बसू नये. माझ्या जहाजाच्या डाव्या कुशीला मधल्या शिडीत एक जागा आहे जिथे आठ ओळी किंचित तिरक्या गेल्या आहेत; त्या रात्री मी दीड वाजेपर्यंत बसलो होतो.

आपल्याकडच्या हवेविषयी परदेशी माहितीपुस्तिकांत काही नसते, म्हणून तेही सांगतो. सुती दोर ओल धरून आखडतो आणि वाळल्यावर सैल होतो. पुढच्या डोलकाठीचे दोर मी मे महिन्यात ठाण्याच्या घरी मोठ्या समाधानाने तंग बांधले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाहतो तो टॉपगॅलंटची बारीक काठी धनुष्यासारखी मागे वाकलेली. तेव्हापासून डोलकाठ्या धरणाऱ्या दोरांना मी पॉलिएस्टर दोरा वापरतो, कारण तो पाणी जवळजवळ शोषत नाही. ज्यांना सुतीच हवा असेल त्यांनी तो पावसाळ्यात बांधूच नये, अन्यथा डिसेंबरात तो लोंबेल. आणि उन्हाळ्यात बांधल्यास थोडी सैल ठेवावी. काठ्यांचे टोक बोटाने हलकेच दाबून पाहावे; त्यांनी थोडे हलले पाहिजे.

हलत्या दोरांचे काम त्यामानाने जलद होते, पण त्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो. शिडे लावायची नसतील तर परबाणे कोठे ठेवायची? सर्वांत खालचे परबाण वरच्या जागीच टांगलेले असे. टॉपमास्ट आणि टॉपगॅलंट यांची परबाणे मात्र शीड उघडताना वर चढवीत आणि शीड गुंडाळताना खाली उतरवीत. बिनशिडांच्या पुष्कळ प्रतिकृतींत ही परबाणे उंच चढवलेली दिसतात; खलाशाने पाहिले असते तर त्याने ‘वर काय सुकत घातले आहे?’ असेच विचारले असते. ती खाली उतरवली की त्यांना उचलणाऱ्या दोरांची लांबीही बदलते, हे ध्यानात ठेवावे.

परबाणे वाऱ्याप्रमाणे फिरवणारे दोर, म्हणजे ब्रेस, अगदी शेवटी चढवावेत. ते परबाणाच्या टोकांपासून लांबवर आडवे जातात आणि एकदा ते लागले की हात आत घालायला जागा उरत नाही. त्याआधी डेकच्या मध्यभागी, डोलकाठ्यांच्या पायथ्याशी बांधले जाणारे दोर संपवावेत, मग कठड्यालगतचे, म्हणजे आतून बाहेर यावे. क्रोशाची बारीक सुई आणि लांब वाकडा चिमटा येथे बोटांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

प्रत्येक हलता दोर शेवटी कठड्यातील एका लाकडी खुंटीवर येतो. खऱ्या जहाजावर तेथे गाठ नसे. इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे देऊन उरलेला दोर गुंडाळून खुंटीवर टांगत, म्हणजे वादळात एका झटक्यात सोडता येई. प्रतिकृतीत दोर खुंटीवर दोन वेढे देऊन गोंदाच्या थेंबाने पक्का करावा, टोक कापावे, आणि ते वेटोळे वेगळे करून वरून अडकवावे. वेटोळी करायला थर्माकोलमध्ये दोन टाचण्या रोवून त्यांभोवती दोर पाचसहा वेळा फिरवावा, पातळ गोंदाने भिजवावा आणि अर्धवट वाळल्यावर काढून खुंटीवर टांगून खालच्या बाजूला ओल्या कुंचल्याने दाबावा. नाहीतर ते वेटोळे तारेच्या रिंगणासारखे हवेत उभे राहते. माझ्या जहाजाला अशी दीडशेच्या वर वेटोळी लागली. ती मी रोज संध्याकाळी दहा या हिशेबाने केली, आणि शेवटचे टांगून झाल्यावर त्याच दिवशी काचेची पेटी करायला टाकली, कारण बाराशे गाठींवर बसलेली धूळ कोणत्याही कुंचल्याने निघत नाही.